दारामागची काठी

माझ्या अंगावर आजवर एकच बाई थुंकली, आणि तीही आशीर्वाद म्हणून. हे कळायला मला तीन आठवडे लागले. तोवर डेटॉलची एक बाटली संपली होती.

मी तेव्हा कोवळी होते, अवघी त्रेसष्ट वर्षांची. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, पुण्याच्या फ्लॅटला कुलूप घालून नात सांभाळायला सिंगापूरला आलेली, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी पक्की खात्री असलेली. माझ्या मुलाने, निखिलने, हौगांगमध्ये अकराव्या मजल्यावर फ्लॅट भाड्याने घेतला होता. बाहेर लांबलचक कॉरिडॉर, प्रत्येक घराला आतून लाकडी दार आणि बाहेरून लोखंडी जाळीचं. पहिल्याच सकाळी मी सानूला, म्हणजे चार वर्षांच्या नातीला, कडेवर घेऊन जाळीबाहेर आले. शेजारच्या दारातून एक उंच म्हातारी बाहेर पडली. पांढऱ्या सुती वस्त्रात गुंडाळलेली, हातात ताज्या गवताची जुडी. मला वाटलं, बाईने अकराव्या मजल्यावर बकरी पाळली आहे.

ती थेट माझ्यासमोर उभी राहिली आणि डोळ्यांत बघून म्हणाली, "नगा?"

"नो, थँक यू," मी म्हटलं. ती काहीतरी विकते आहे असं मला वाटलं.

तिने पुन्हा विचारलं. मग इंग्रजीत समजावलं. नगा म्हणजे शांती. माणूस भेटला की विचारायचं, घरात शांती आहे? समोरच्याने म्हणायचं, नगा. आहे. "म्हण तू," ती म्हणाली. मी म्हटलं, "नगा." तेवढ्यात तिने सानूच्या डोक्यावर हात ठेवला, ओठांचा चंबू केला आणि 'तुफ' करून आम्हा दोघींवर बारीक तुषार उडवले. मी किंचाळत आत पळाले.

तिचं नाव मी लिहिणार नाही. तिची माणसं अजून तिकडे राहतात, आणि तिकडच्या माणसाचं नाव उगाच कुठे छापून येऊ नये, हे तिनेच मला शिकवलं. घरात आम्ही तिला सिंकेबाई म्हणायचो. का, ते पुढे येईलच. पासपोर्ट इथिओपियाचा, पण कुणी इथिओपियन म्हटलं की ती मान हलवायची. "आधी ओरोमो," ती म्हणायची, आणि समोरच्याने तो शब्द उच्चारून दाखवल्याशिवाय सोडायची नाही. तिच्या मुलीने इथल्या एका चिनी मुलाशी लग्न केलं होतं. दोघांची गाठ चर्चच्या कामात पडलेली. मुलगी नर्स, सतत ड्यूटीवर. त्यामुळे सासूबाईंना आवरायचं काम त्या गरीब जावयाकडे.

दर शनिवारी दुपारी ती कॉरिडॉरमध्ये चटई अंथरायची, चटईवर खालच्या हिरवळीतून उपटून आणलेलं गवत पसरायची आणि कॉफी कापायला बसायची. 'कापायला' हा तिचाच शब्द. गावाकडून कुणाकुणाच्या बॅगेतून आलेली वाळकी कॉफीची फळं, सालासकट. एकेका फळाचं टोक ती दातांनी तोडायची, देवाचं नाव घ्यायची, आणि मग ती सगळी फळं विजेच्या शेगडीवर लोण्यात परतायची. बोकड जितक्या आदबीने कापतात तितक्याच आदबीने कॉफी कापायची, अशी रीत. धूर सगळ्या मजल्यावर. जावई पातेल्याचं झाकण हातात घेऊन मागे उभा, इथल्या 'ला' जोडलेल्या इंग्रजीत विनवत.

"मा, कॅनॉट ला. नेबर्स कम्प्लेन, हाऊ?"

ती त्याच्या तोंडात एक तुपकट फळ घालायची. कम्प्लेंट तिथेच संपायची.

मला तिने कॉफी दिली ती मीठ घालून. मी पुण्याची. कुणाकडे काही बिघडलं तर "वेगळं झालंय हं" म्हणायचं शिक्षण आम्हाला लहानपणापासून असतं. मी म्हटलं, वेगळी आहे. तिने लगेच दुसरा कप भरला. मग तिसरा. तीन झाल्याशिवाय उठायचं नसतं, हे तिने तिसऱ्यानंतर सांगितलं.

कप भरता भरता ती पूर्वज म्हणायची. बापाचं नाव, त्याच्या बापाचं, त्याच्या बापाचं, असं पायऱ्या उतरल्यासारखं खाली खाली. एकदा म्हणाली, "आता तू." मी श्राद्धाला घेतात ती तीन नावं सांगितली. "ही तुझ्या नवऱ्याची," ती म्हणाली. "तुझी कुठे आहेत?" मी वडील सांगितले, आजोबा सांगितले, आणि तिथेच माझी विद्या संपली. "आईची आई?" तिने विचारलं. आजीचं माहेरचं नाव मला ठाऊक नव्हतं. सिंकेबाईने माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की जणू मला कुणी रस्त्यात सोडून गेलं होतं.

तिचं इंग्रजी मिशनच्या शाळेतलं, बायबलच्या वळणाचं. माझं ट्रंक एक्स्चेंजमधलं, तुटक. पण दोन म्हाताऱ्यांना एकमेकींकडून माहिती काढायची असली की व्याकरण आड येत नाही. तिच्या उशाशी जाड बायबल होतं, ओरोमो भाषेतलं, पुठ्ठा निघालेलं. ते कुणी लिहिलं हे ती घरच्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगायची. लहानपणी धरून नेलेला, गुलाम म्हणून पुन्हापुन्हा विकला गेलेला एक मुलगा. सुटला, शिकला, आणि परक्या मुलखात बसून त्याने देवाचं पुस्तक आपल्या भाषेत आणलं. मदतीला एक मुलगी, तीही गुलामीतून सुटलेली. तिला हजारो शब्द, गाणी, गोष्टी तोंडपाठ होत्या. आई गेली, गाव गेलं, पण शब्द कुणाला हिसकावता आले नाहीत.

"आणि नंतर किती वर्षं," सिंकेबाई म्हणायची, "शाळेत आमची भाषा चालत नव्हती. बायबलसुद्धा धान्याच्या पोत्यात लपवायचो. माझ्या नवऱ्याने त्यातूनच वाचून दाखवलं. तो चर्चचा प्रचारक होता." नवऱ्याबद्दल एवढंच. पुढे विचारलं की कपात कॉफी यायची.

आमच्या देवघरातला गणपती तिने एकदा नीट निरखला आणि म्हणाली, "याला मोठे कान आहेत. बरं आहे. ऐकतो तरी." तिच्या देवाचं नाव वाका. ख्रिस्ती होण्याआधी तिच्या आज्या ज्या आकाशातल्या देवाला हाक मारायच्या तोच वाका त्या बायबलातही होता. देव बदलला नाही, ती म्हणायची, फक्त त्याचा मुलगा आम्हाला उशिरा भेटला.

आता काठी.

तिच्या घराच्या दारामागे, छत्र्या आणि मॉप यांच्या मधोमध, एक बारीक, सरळ, गुळगुळीत काठी उभी असायची. लोणी चोळून चोळून काळीभोर झालेली. तिचं नाव सिंके. लग्नात आई मुलीला देते. तिच्याकडे ती दक्षिणेकडून आलेल्या आईची आली होती. मिशनच्या गोऱ्या बाईने सांगितलं होतं, हे अंधारातलं आहे, जाळून टाक. सिंकेबाईने आज्ञाधारकपणे सरपणातली एक काठी नेऊन तिच्यासमोर जाळली. "त्यांना सगळ्या काठ्या सारख्याच," ती म्हणाली. "आणि बायबलात मोशेच्या हातात काय होतं? छत्री?"

काठीचा उपयोग मारायला नाही. बाईवर घरात कुणी हात टाकला, तर तिने ती काठी घेऊन घराबाहेर पडायचं आणि ओरडायचं. ते ओरडणं जिला ऐकू येईल त्या प्रत्येक बाईने हातातलं काम टाकून, दूध उतू जात असलं तरी, आपली काठी घेऊन बाहेर यायचं. सगळ्यांनी मिळून त्या बाईभोवती उभं राहायचं. ती काठी पुरुषाने ओलांडायची नाही. नवरा हातात हिरवं गवत घेऊन, सगळ्या बायकांसमोर माफी मागायला येईपर्यंत त्या बाईने घरात पाऊल टाकायचं नाही.

"आणि एखादी बाई आलीच नाही तर?" मी विचारलं. मला मेलीला खुसपट काढायची सवय.

"येतातच," ती म्हणाली. जरा जास्तच पटकन.

या काठीपायी ती सगळ्या ब्लॉकमध्ये वेडी ठरली होती. कारण कुठेही आवाज चढला की सिंकेबाई काठी घेऊन बाहेर. खालच्या कॉफीशॉपमध्ये फुटबॉलची मॅच बघताना पुरुष ओरडले, ही लिफ्टने खाली. सातव्या मजल्यावर एक आई मुलाला गणितावरून झोडपत होती, ही तिच्या जाळीसमोर. भंगारवाल्याने हॉर्न वाजवत हाळी दिली, त्याच्यासमोरही ही उभी, आणि तो बिचारा तिला विचारतोय, आंटी, जुना टीव्ही आहे का? मी हे सगळं रात्री जेवताना नक्कल करून दाखवायची. निखिल खो खो हसायचा. केतकी, माझी सून, हसायची नाही. मला वाटायचं, हिला विनोद कळत नाही.

माझी नोकरी ट्रंक ऑपरेटरची होती, हे सांगितलंच. गावाहून गावाला कॉल जोडायचे. लाईन नीट लागली का हे बघायला कानावर हेडफोन असायचाच, त्यामुळे अर्ध्या महाराष्ट्राचं खाजगी मला ठाऊक होतं. नियम एकच. ऐकू आलं तरी मध्ये तोंड उघडायचं नाही. तीन मिनिटं झाली की तेवढं सांगायचं. बाविसाव्या वर्षी मला या नियमाचा काय अभिमान! एका दुपारी सोलापूरहून एक मुलगी बापाशी बोलत होती. "मला घेऊन जा हो दादा, आजच्या आज घेऊन जा," एवढंच पुन्हापुन्हा. बाप म्हणत होता, बघू, दिवाळीनंतर बघू. मी म्हटलं, "थ्री मिनिट्स ओव्हर," आणि लाईन काढली. चहाच्या सुट्टीत मी हा किस्सा मैत्रिणींना सांगितला. आवाज काढून सांगितला. मला आवाज छान काढता यायचे.

तर आमच्या घरात आधी ताट आपटलं गेलं. मग कपाटाचं दार. निखिलच्या ऑफिसात माणसं कमी करत होते, पासचं, म्हणजे इथे नोकरी करायच्या परवान्याचं, नूतनीकरण लोंबकळत होतं, आणि केतकी मात्र तिच्या प्रयोगशाळेत वर चढत होती, स्वतःच्या पासवर. त्याला ताण आहे, मी म्हणायची. हा शब्द आमच्या वेळी नव्हता, पण मला लगेच वापरता आला. त्यांच्या खोलीतून पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा मी हॉलमध्ये सानूबरोबर कार्टून बघत होते. कुठला आवाज ते मला लगेच कळलं. आयुष्य ऐकण्यात गेलेलं. मी रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी मी केतकीला काय म्हटलं ते लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. मी म्हटलं, "तूही जरा तोंडाला तोंड देणं कमी कर गं. पुरुषांचं असतं तसं. शांत झाला की बघ कसा होतो." ती चहा गाळत होती. म्हणाली, "आई, तुम्ही होतात ना हॉलमध्ये?" मी म्हटलं, "टीव्ही चालू होता."

आणि रोज सकाळी कॉरिडॉरमध्ये सिंकेबाई विचारायची, "नगा?" आणि मी रोज ताठ मानेने म्हणायची, "नगा." पाच-सहा महिने. तिची आणि आमची भिंत एकच होती, हे मला सुचत नसेल असं नाही.

एका रविवारी दुपारी जेवणं झाली होती. मी ओटा पुसत होते. खोलीतून केतकी ओरडली, शब्द नाही, नुसती ओरडली. आणि पाठोपाठ बाहेरून एक आवाज आला, तसा मी कधी ऐकला नव्हता. इलिलिलिलि! जीभ टाळ्याला नाचवत काढलेला, कान फाडणारा. मी दाराशी आले तर जाळीबाहेर सिंकेबाई उभी, दोन्ही हातांत ती काठी आडवी धरलेली. लाकडी दार उघडंच होतं. जाळीला कुलूप, आणि किल्ली आमच्या दारालगतच्या खिळ्यावर, माझ्या हातभर अंतरावर.

"उघड," ती म्हणाली. "तिला बाहेर येऊ दे. तू पण ये."

समोरच्या चिनी म्हातारीने पडदा बाजूला केला होता. कोपऱ्यावरच्या मलय घरातली मुलं बाहेर आली होती. मला काय दिसलं? मला लोक दिसले. मला पास दिसला. पुण्याची नणंद दिसली. मी माझ्या सर्वोत्तम ऑपरेटरच्या आवाजात म्हटलं, "फॅमिली मॅटर. प्लीज. नगा, नगा." आणि लाकडी दार तिच्या तोंडावर लावलं.

ती गेली नाही. संध्याकाळपर्यंत आमच्या दाराबाहेर जमिनीवर बसून होती, काठी मांडीवर आडवी. जावई येऊन येऊन विनवत होता, ते आतून ऐकू येत होतं. "मा, कम होम ला. देअर बिझनेस. मा, प्लीज." ती नुसती गुणगुणत होती. ते त्यांच्या चर्चमधलं गाणं होतं, शोकाचं की स्तुतीचं मला माहीत नाही.

त्या दुपारी केतकीच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. डॉक्टरांना तिने सांगितलं, मुलीचं डोकं लागलं. त्या कानाने तिला आजही कमी ऐकू येतं. ऐकण्यावर पेन्शन घेणारी बाई घरात असताना.

सोमवारपासून सिंकेबाईने मला "नगा?" विचारणं बंद केलं. केतकीला विचारायची, तिच्या उत्तराची वाट बघायची, उत्तर आलं नाही तरी तिचा हात धरून उभी राहायची. सानूला विचारायची. मला नाही. रागावली होती असंही नाही. ती माझ्याकडे बघून मान लववायची आणि पुढे जायची, जशी आपण ज्याच्या घरी कुणी नाही त्या बंद दारावरून पुढे जातो. शनिवारी कॉफी कापायची, धूर आमच्या घरात यायचा, आणि मला हाक यायची नाही. आयुष्यभर मला वाटत होतं की लोक आपल्याशी बोलतात ते आपण बोलण्यात हुशार म्हणून. पन्नास घरांच्या त्या मजल्यावर मला विचारणारं एकच माणूस होतं, आणि त्याला मी रोज खोटं सांगितलं होतं.

तीन आठवडे मी तोऱ्यात काढले. चौथ्या आठवड्यात तोरा टिकेना. एका सकाळी मी खाली उतरले आणि हिरवळीवर वाकून गवत उपटू लागले. माझे गुडघे असे की वाकले तर उठायची खात्री नाही. झाडलोट करणारी बाई धावत आली. "आंटी, व्हॉट यू डूइंग आ? कॅनॉट, कॅनॉट!" मी तिला म्हटलं, "सॉरी म्हणायचंय." मराठीतच म्हटलं. तिला काय कळलं कोण जाणे, तिने इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःच एक मूठ उपटून माझ्या हातात कोंबली.

सिंकेबाईच्या जाळीसमोर मी गवत घेऊन उभी राहिले. बकरीसारखी. तिने दार उघडलं, गवताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत घेतलं. कॉफी ठेवली नाही. बसली आणि बोलायला लागली.

लष्करी राजवट होती. चर्चला कुलपं ठोकली होती, तर लोक घरात जमायचे. एका सकाळी प्रार्थना सुरू होती, ती मागच्या झोपडीत कॉफी परतत होती. गाडी आली. बूट ऐकू आले. मग नवऱ्याचा आवाज ऐकू आला, तिचं नाव घेऊन मारलेली हाक. एकदाच. सिंके दारामागे उभी होती. सैनिकसुद्धा त्याच मुलखातले, त्याच आयांचे मुलगे. काठीपुढे कदाचित थबकले असते, कदाचित तिलाही घेऊन गेले असते. पदराखाली मुलगी होती, दोन महिन्यांची. ती बाहेर गेली नाही. परतत राहिली. कॉफी करपून कोळसा झाली तरी परतत राहिली. नवरा पुन्हा दिसला नाही. कुठे पुरला हेही कुणी सांगितलं नाही.

"लोक म्हणतात मी वेडी आहे, कुठेही आवाज झाला की बाहेर जाते," ती म्हणाली. "त्यांना सांग, मी त्या एकाच आवाजाला बाहेर जाते आहे."

मी गवत हातात घट्ट धरून बसले होते. मी तिला सोलापूरच्या मुलीची गोष्ट सांगितली. आवाज न काढता सांगितली. ऐकून तिने माझ्या हातातलं गवत घेतलं, त्यातलं अर्धं मला परत दिलं. तेवढंच.

पुढच्या वेळेची वाट बघावी लागली नाही फार. शनिवारची दुपार होती, निखिल घरी, पासचं पत्र नकाराचं आलेलं. मी बाल्कनीकडच्या खिडकीशी कपडे वाळत घालत होते. इथे कपडे लांबलचक बांबूवर ओवून खिडकीबाहेरच्या खोबणीत खोचायचे असतात. माझ्या हातात तो बांबू होता, त्यावर निखिलचे ऑफिसचे तीन ओले शर्ट. आतून आवाज आला. या खेपेला मी रिमोट शोधला नाही. बांबू तसाच धरून मी त्यांच्या खोलीत शिरले, म्हणजे बांबू आधी शिरला आणि पाठोपाठ मी. दाराच्या चौकटीत तो अडकला, आरशावर आपटला, एक शर्ट निखिलच्या डोक्यावर पडला. हसण्यासारखं दृश्य होतं. कुणी हसलं नाही.

"केतकी, सानूला उचल," मी म्हटलं. "चल बाहेर."

"आई, तू मध्ये पडू नकोस," निखिल म्हणाला.

"तेच तर करत आले इतकी वर्षं."

किल्ली खिळ्यावरच होती. मी ती ओढून काढली. जाळी उघडली तेव्हा सिंकेबाई बाहेर उभी होतीच, हाताला लोणी लागलेलं, मागे शेगडीवर कॉफी जळत होती. तिने केतकीला आणि सानूला आपल्या मागे घेतलं आणि काठी आमच्या उंबऱ्यावर आडवी ठेवली. मी तिच्या शेजारी उभी राहिले, दोन ओल्या शर्टांचा बांबू घेऊन. तिने तो आवाज काढला. मलाही काढायला लावला. माझा घोड्याच्या खोकल्यासारखा निघाला. पण समोरच्या चिनी म्हातारीने या खेपेला पडदा सोडला आणि दार उघडलं. मलय घरातली आई बाहेर आली, हातात झारा. दोघींना त्या काठीतलं काही ठाऊक नव्हतं. आल्या आणि उभ्या राहिल्या.

निखिल उंबऱ्यापर्यंत आला. सहा फूट उंच माझा मुलगा, आणि पायाशी करंगळीएवढ्या जाडीची काठी. तो काठीला थांबला असं मी म्हणणार नाही. त्याने वर पाहिलं, आणि आई काठीच्या त्या बाजूला आहे हे त्याला दिसलं. त्याचा चेहरा लहानपणी पडल्यावर व्हायचा तसा झाला. त्याच्याकडे जायला माझा पाय उचलला होता, लिहून ठेवते. सिंकेबाईने लोण्याच्या हाताने माझं मनगट धरलं.

केतकी नऊ दिवस शेजारी राहिली, मीही. जावयाने हॉलमध्ये आमच्यासाठी गाद्या घातल्या आणि एकदाही "कॅनॉट" म्हटलं नाही. पोलीस, डॉक्टरांचा खरा कागद, कोर्टातून संरक्षणाचा हुकूम, सगळं झालं. निखिल रोज जाळीशी येऊन म्हणायचा, "आई, घरी चल, लोक बघतायत." गवत घेऊन तो आला नाही. मी त्याला सांगितलं होतं गवताचं. तो म्हणाला, "हे काय खूळ आता?" महिनाभरात तो पुण्याला परत गेला, माझ्याच फ्लॅटचं कुलूप उघडून राहिला. केतकीने शहराच्या दुसऱ्या टोकाला, चोआ चू कांगला, लहान फ्लॅट घेतला. मी कुणाबरोबर जाणार असं सगळ्या नातेवाइकांनी विचारलं, आणि उत्तर ऐकून फोन करणं सोडलं.

सिंकेबाई काही वर्षांनी गावाकडे परत गेली. तिकडे मोर्चे झाले होते, पोरं मेली होती, मग माणसं तुरुंगातून सुटली, आता सगळं बदलेल असं जो तो म्हणत होता. तिला नवऱ्याची जागा शोधायची होती. मुलगी विमानतळावर रडत होती. काठीवरून सुरक्षारक्षकाने हरकत घेतली, तर सिंकेबाई एकदम वाकली, लंगडायला लागली आणि काठी टेकत टेकत पुढे सरकली. तिथून वळून तिने मला हाक मारली, आणि चार वर्षांनंतर पहिल्यांदा विचारलं, "नगा?"

मी म्हटलं, "नाही. अजून नाही."

ती परत आली, रांग मोडून. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तुफ केलं. चांगलं भरपूर. मी पुसलं नाही.

काही महिन्यांनी तिच्या भागात पुन्हा गोळीबार सुरू झाला आणि फोन बंद झाले. नंतर इतरांचे लागले, तिचा लागला नाही. मुलीलाही काही कळलेलं नाही. मी दर शनिवारी तो नंबर फिरवते. नंबर पूर्ण ऐकून घेते, कारण लाईन मेली की माणूस मेलं असं नसतं, एवढं मला नोकरीने शिकवलंय. आणि याहून जास्त काही शिकवलेलं नाही, हेही कळतं.

रविवारी निखिलचा फोन येतो. सानूबद्दल विचारतो, माझ्या गुडघ्यांबद्दल विचारतो. केतकीबद्दल विचारत नाही. शेवटी म्हणतो, "बाकी सगळं ठीक ना, आई?"

"नाही रे," मी म्हणते. "ठीक नाहीये. तू अजून आलेला नाहीस. आपल्या सोसायटीच्या मागे गवत उगवतं ना पावसाळ्यात? मूठभर पुरतं."

तो गप्प होतो. पूर्वी मी अशा वेळी विषय बदलायची, नाहीतर ठेवते म्हणायची. आता नाही. पलीकडे त्याचा श्वास ऐकू येतो. मी लाईन धरून ठेवते.